स्वमग्न मूल, त्याचे घर आणि आपण

स्वमग्नता हा शब्द मराठीत अलीकडचा आहे. ज्याला तो लागू पडतो ते मूल मात्र अलीकडचे नाही. ते पूर्वीही आपल्या वाड्यांत, आळीत, गिरणीच्या चाळीत होतेच. कोणी त्याला खुळे म्हणे, कोणी मुके म्हणे, कोणी बाहेरची बाधा समजे. आणि पाहुणे आले की घरातली माणसे त्याला मागच्या खोलीत नेऊन बसवीत. आज त्या मुलाच्या अवस्थेला नाव मिळाले आहे, कायद्यात जागाही मिळाली आहे. पण ती मागची खोली अजून पुरती रिकामी झालेली नाही. हा विषय व्याख्यानमालेत घेण्याचे कारण एवढेच.

प्रारंभीच सांगितलेले बरे, की आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. मात्र कामगारांच्या घरी जाण्यायेण्यात आमची तीस वर्षे गेली आहेत. सूतगिरणीतले, जिनिंग-प्रेसिंगमधले, देवळीच्या औद्योगिक वसाहतीतले कामगार आमच्याकडे पगाराची, रजेची, पाळीची तक्रार घेऊन येतात; आणि त्या तक्रारीच्या तळाशी पुष्कळदा घरातले एखादे मूल असते. म्हणून हा विषय आम्ही जाणत्यांकडून समजून घेतला, त्यावरचे वाचले, आणि जे पक्के समजले तेवढेच येथे मांडीत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: स्वमग्न मुलाला साहाय्य करावयाचे, तर त्याच्या घराला साहाय्य केले पाहिजे; आणि घराला साहाय्य करणे हे एकट्या डॉक्टरांचे काम नव्हे, ते गावाचे काम आहे.

स्वमग्नता म्हणजे काय

‘मग्न’ या शब्दामुळे एक गैरसमज होतो. हे मूल आपल्याच आनंदात दंग आहे, त्याला दुसऱ्याची गरज नाही, असे वाटू लागते. वस्तुतः तसे नाही. त्याला माणसे हवी असतात. माणसांशी व्यवहार करण्याची जी रीत इतर मुले न शिकवता उचलतात, ती त्याला आपोआप सापडत नाही. त्याच्या मेंदूची घडणच मुळात वेगळी असते. हा रोग नव्हे, वेडही नव्हे. बापाच्या बोलण्याने किंवा आईच्या लाडाने ही अवस्था येत नाही आणि जातही नाही.

तिच्या दोन बाजू असतात. पहिली बाजू संवादाची. हाक मारली तर मूल वळून पाहत नाही. नजरेला नजर देणे त्याला जड जाते. हवी ती वस्तू बोटाने न दाखवता ते आपला हात धरून तिच्याकडे नेते. काही मुले बोलतात, पण ऐकलेलेच परत बोलतात. तहान लागली म्हणजे ‘मला पाणी दे’ असे न म्हणता ते ‘पाणी पाहिजे?’ असे म्हणते, कारण पाणी मिळण्यापूर्वी आईच्या तोंडून त्याने तेच ऐकलेले असते. ऐकणाऱ्याला तो वेडेपणा वाटतो. नीट पाहिले तर त्यात पूर्ण तर्क आहे.

दुसरी बाजू आहे एकाच गोष्टीच्या पुनरावृत्तीची, आणि इंद्रियांच्या वेगळेपणाची. आपल्याकडे तान्हा पोळ्याला लहान मुले लाकडी बैल ओढत नेतात; सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर प्रसिद्धच आहे. त्या मेळ्यात एखादे मूल बैल उलटा करून त्याचे चाक तासभर फिरवीत बसलेले दिसेल. बैलाचा बैलपणा त्याच्या ध्यानी येत नाही असे नव्हे. फिरणाऱ्या चाकात त्याला जो निश्चितपणा मिळतो तो गर्दीत मिळत नाही. त्याची शाळेची वाट बदलली, जेवणाचे ताट बदलले की ते आकांत करते. कुकरची शिट्टी, लग्नातला डीजे, नव्या सदऱ्याची मानेला टोचणारी चिठ्ठी, आपल्याला किरकोळ वाटणाऱ्या या गोष्टी त्याला खरोखर असह्य होतात. तो हट्ट नसतो, ती वेदना असते. हे एवढे कळले तरी आपले निम्मे वागणे सुधारेल.

सगळी स्वमग्न मुले एकासारखी एक नसतात. साधारण चौथा हिस्सा मुले मोठेपणीही फार थोडे किंवा मुळीच बोलत नाहीत; दुसरीकडे काही जण महाविद्यालयात जातात, नोकरी करतात. काहींना बौद्धिक मर्यादा असते, काहींना नसते. काहींना फिट येण्याचा त्रास असतो, पुष्कळांची झोप तुटक असते. मुलींपेक्षा मुलग्यांत ही अवस्था तिप्पट-चौपट नोंदली जाते. पण मुलींमधली लक्षणे लवकर ध्यानात येत नाहीत, हेही त्याचे एक कारण आहे.

जगभरच्या पाहण्यांची सरासरी काढली तर शंभरांत सुमारे एक, असे प्रमाण पडते. २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ होती. तेच प्रमाण येथे लावले तर लहानमोठी मिळून तेरा हजारांच्या घरात माणसे होतात. ही कोणी केलेली मोजणी नव्हे, आमचा तोंडी हिशेब आहे. परंतु प्रश्न दोनचार घरांचा नाही, एवढे त्यातून कळावे.

दोष कोणाचा?

अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अकरा मुलांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि या अवस्थेला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र स्थान मिळाले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी अशाच मुलांविषयी लिहिले. यानंतर मात्र शास्त्राने एक मोठी वाकडी वाट धरली. या मुलांच्या आया थंड स्वभावाच्या असतात, त्यांच्या मायेत ऊब नसते, म्हणून मूल आत वळते, असे सांगितले जाऊ लागले. अशा आईला त्यांनी बर्फाच्या कपाटाची उपमा दिली. शिकागोचे ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली याच मताचा मोठा ग्रंथ लिहिला. त्या काळात किती आयांनी मूल वाढवता वाढवता स्वतःला गुन्हेगार मानले असेल, याची कल्पनाच करावी.

त्या मताला पहिला मोठा धक्का दिला तो एका बापाने. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांचा मुलगा स्वमग्न होता. हा दोष आईचा नसून शरीराच्या घडणीचा प्रश्न आहे, हे त्यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात साधार मांडले. पुढे १९७७ साली ब्रिटनमध्ये जुळ्या मुलांच्या एकवीस जोड्यांची पाहणी झाली. हुबेहूब सारख्या अशा अकरा जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न आढळली. वेगवेगळ्या चेहऱ्यांच्या दहा जोड्यांत तशी एकही जोडी निघाली नाही. आया तर दोन्हीकडे सारख्याच होत्या. तेव्हा मुख्य कारण आनुवंशिक आहे, हे दिसू लागले. नंतरच्या संशोधनाने ते अधिक पक्के केले. कोणते एकच बीज याला कारण आहे असे मात्र नाही. अनेक बारीक कारणे एकत्र येतात.

लसीविषयीही एक अफवा फिरते. १९९८ साली इंग्लंडमधल्या एका लेखाने गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचविला. तो लेख प्रसिद्ध करणाऱ्या ‘लॅन्सेट’ने २०१० साली तो मागे घेतला. २०१९ साली डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नता अधिक आढळली नाही. लस चुकवल्याने स्वमग्नता टळत नाही, गोवर मात्र खात्रीने गाठू शकतो.

शास्त्राने आईवरचा आरोप मागे घेऊन पन्नास वर्षे होत आली. आपल्या आळीने तो अजून मागे घेतलेला नाही. ‘गरोदरपणात ग्रहण पाळलं नसन’, ‘मायच दिवसभर कामाले जाते, मंग लेकरू असंच होईन’, ‘मागच्या जन्माचं असते बाप्पा’, ही वाक्ये आम्ही आमच्या कानांनी ऐकली आहेत. आणि ती बोलणारी माणसे दुष्ट नसतात. बहुतेक वेळा ती आत्या, मावशी, सासू अशी घरचीच असतात.

मागच्या जन्माचे पाप हा शब्द या जिल्ह्याने पूर्वीही ऐकला आहे. कुष्ठरोग्यांबद्दल हेच बोलले जात होते. त्याच काळात, १९३६ साली, मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे काम उभे केले. गांधीजींनी सेवाग्रामच्या आश्रमात परचुरेशास्त्र्यांची शुश्रूषा स्वतःच्या हाताने केली. आणि ज्या बाबा आमट्यांनी पुढे वरोऱ्याला आनंदवन वसविले, त्यांचा जन्म याच जिल्ह्यात हिंगणघाटला १९१४ साली झाला. पापाची भाषा मोडून काढण्याची आपली परंपरा आहे. फरक एवढाच, की कुष्ठरोग औषधाने बरा होतो. स्वमग्नता हा बरा करावयाचा रोगच नव्हे. आणि दत्तपूर त्या काळी गावाबाहेर वसवावे लागले. हे मूल मात्र गावातच, आळीतच राहिले पाहिजे.

लवकर ओळखावे कसे

वर्षाचे झालेले मूल नाव घेऊन हाक मारली असता वारंवार प्रतिसाद देत नसेल. दीड वर्षाचे होऊनही चांदोबा, चिमणी, गाय बोटाने दाखवीत नसेल. दोन वर्षे झाली तरी दोन शब्द जोडून बोलत नसेल. किंवा येत असलेले शब्द एकाएकी बोलेनासे झाले असेल, तर थांबू नये. यांपैकी एखादी खूण दिसली म्हणजे स्वमग्नताच आहे, असे नाही. प्रथम कानाची तपासणी करून घ्यावी, कारण ऐकू न येणारे मूलही हाकेला वळत नाही.

पण आपल्याकडे थांबण्याचीच रीत आहे. ‘याचा मामा बी पाच वर्षांचा होऊन बोलला जी’, असे कोणीतरी म्हणते आणि दोन वर्षे जातात. मामा बोलला असेल. परंतु मामाच्या भरवशावर भाच्याची पहिली वर्षे घालवू नयेत. मेंदू सर्वांत जलद घडतो तो याच वर्षांत.

तपासणीसाठी मुंबई गाठावी लागते असेही नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी करावयाची असते. विकासातला विलंब आणि स्वमग्नता या गोष्टी त्या तपासणीत येतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, उलट अंगणवाडीताईंना आपली शंका आधी सांगून ठेवावी. सेवाग्रामला १९६९ साली निघालेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे महाविद्यालय आणि त्याचे कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगीला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. दोन्हींकडे बालरोग आणि मनोविकार हे विभाग आहेत. ग्रामीण जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालये असणे ही साधी गोष्ट नव्हे. पण आर्वी, कारंजा, समुद्रपूरकडच्या मजुराला तेथे येण्याचा दिवस म्हणजे बुडालेला रोज आणि दोघांचे भाडे. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये, रोजात मोजावे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

उपाय कोणता?

स्वमग्नता घालवणारे औषध नाही. फिट, झोप, अतिचंचलता यांसाठी डॉक्टर औषध देतात ते वेगळे. खरा उपाय शिकवण्याचा आहे: बोलण्याचे, हाताच्या कामाचे, नेहमीच्या व्यवहाराचे शिक्षण, मुलाच्या कलाने आणि चिकाटीने दिलेले. त्यासाठी वाणीचे व व्यवसायोपचाराचे तज्ज्ञ लागतात. ते आपल्याकडे थोडे आहेत. मग तज्ज्ञ येईपर्यंत हात जोडून बसावे काय?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यातून आले आहे. तेथे ‘संगत’ ही संस्था १९९६ पासून मनाच्या आरोग्याचे काम करते. तिने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या कार्यकर्त्यांनी मिळून दोन ते नऊ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांवर एक प्रयोग केला. त्याचा अहवाल २०१६ साली प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत बारा वेळा आईबापांना भेटावयाचे. आईबाप मुलाशी खेळत असताना त्याचे चित्रीकरण करावयाचे, आणि मग ते त्यांच्याबरोबरच बसून पाहावयाचे: येथे मुलाने तुमच्याकडे पाहिले, येथे त्याने काही मागितले, येथे तुम्ही घाई केली. परिणाम असा दिसला, की आईबाप मुलाच्या कलाने वागू लागले आणि मुले आपण होऊन आईबापांशी अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. सर्वच बाबतींत सुधारणा झाली असे नव्हे, आणि प्रयोगही लहान होता. पण चांगली शिकवलेली साधी व्यक्ती हे काम करू शकते, हे त्याने दाखविले. आशाताई आणि अंगणवाडीताई ज्या जिल्ह्यात गावोगाव आहेत, तेथे ही वार्ता मोलाची आहे.

त्या रीतीचे मर्म घरात कोणालाही साधते. मुलाच्या मागे उभे राहून आज्ञा सोडू नयेत. त्याच्यासमोर, त्याच्या उंचीवर बसावे. ते ज्या वस्तूकडे पाहते तिचेच नाव घ्यावे. ‘चल लवकर हातपाय धू, कपडे घाल, रिक्षा येईल’ असे लांबलचक न बोलता ‘हात धू’ एवढेच म्हणावे, आणि दहा आकडे मोजेपर्यंत वाट पाहावी. त्याला उत्तर जुळवायला वेळ लागतो. आपण त्या वेळात दुसरा प्रश्न विचारतो आणि पहिलाही वाया घालवतो.

दुसरी युक्ती चित्रांची. उठणे, दात घासणे, आंघोळ, चहा, शाळा, या क्रमाने पाच चित्रे भिंतीवर लावावी. एक काम झाले की एक चित्र उलटावे. पुढे काय येणार हे कळले की मुलाची अर्धी भीती जाते. न बोलणारे मूल चित्र हातात देऊन पाणी, पोळी, संडास मागू शकते. चित्राची सवय लागली तर बोलणे बंद पडेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. अनुभव आणि संशोधन दोन्ही त्या भीतीच्या विरुद्ध आहेत.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा विचार देशापुढे आला. हाताने काम करता करता शिकावे, हे त्याचे सूत्र. तो विचार स्वमग्न मुलांसाठी मांडलेला नव्हता. परंतु ज्याला शब्दांपेक्षा हात आणि डोळा लवकर कळतो, अशा मुलाला याहून योग्य सूत्र कोणते? वाफ्यात रोपे लावणे, शेंगा सोलणे, दाणे निवडणे, सूत गुंडाळणे, या कामांत क्रम आहे, पुनरावृत्ती आहे, आणि शेवटी हातात काहीतरी उरते.

येथे एक इशारा द्यावयास हवा. जेथे औषध नाही तेथे औषध विकणारे फार. कोणी ताईत बांधतो, कोणी अंगाला चटके देतो, कोणी शहरात मोठ्या दवाखान्याचे नाव लावून मूळपेशींची सुई देतो आणि लाखो रुपये घेतो. मूळपेशींचा हा वापर उपचार म्हणून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मान्य केलेला नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही २०२२ साली त्याची शिफारस केली नाही. शेत किंवा मंगळसूत्र विकून जो उपचार घ्यावा लागतो, त्याबद्दल आधी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सेवाग्रामसारख्या ठिकाणी विचारून घ्यावे.

रविवार नसलेले काम

१८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. पुढे कामाचे तास ठरले, पुलगाव-हिंगणघाटच्या गिरण्यांतही पाळ्या भोंग्यावर सुरू झाल्या आणि भोंग्यावर सुटल्या. स्वमग्न मुलाच्या आईला मात्र भोंगा नाही. रात्री दोनला मूल उठले की तिचा दिवस सुरू होतो. ते रस्त्यावर धावते, म्हणून दाराला कडी. कडी लावली, म्हणून तिलाही बाहेर जाता येत नाही. लग्नाला जाणे सुटते, भिशी सुटते, मग माहेर सुटते. धाकट्या बहिणीचा अभ्यास मागे पडतो. तिच्याकडे पाहायला कोणाला वेळ नसतो. बाप कामावर असतो, आणि काही बाप कामावरून लवकर परततही नाहीत.

आमच्यापुढे आलेले एक प्रकरण सांगतो. एका कारखान्यातल्या कामगाराला दर मंगळवारच्या गैरहजेरीबद्दल आरोपपत्र मिळाले. चौकशीत तो काही बोलेना. दारू, दुसरी मजुरी, असे तर्क झाले. शेवटी त्याच्या बायकोने सांगितले की, मंगळवारी तो मुलाला घेऊन दवाखान्यात जातो. तेथे त्याच दिवशी त्यांची पाळी लागते. त्याने हे कोणालाच सांगितले नव्हते, कारण मुलगा ‘तसा’ आहे हे कळले तर मोठ्या मुलीचे लग्न अडेल, ही भीती. नोकरी गमवायला तो तयार होता, मुलाचे नाव घ्यायला नव्हता. वाटाघाटी झाल्या, मंगळवारी दुसरी पाळी देण्याचे व्यवस्थापनाने मान्य केले. कारखान्याचा त्यात एक पैसा बुडाला नाही.

यावरून आमच्या संघटनेला जे दिसले ते सर्व संघटनांपुढे ठेवतो. केंद्र सरकारच्या स्त्री कर्मचाऱ्यांना २००८ पासून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे आणि दिव्यांग अपत्यासाठी तिला वयाची अट नाही. दिव्यांग मुलाची देखभाल करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला २०१४ पासून नेहमीच्या बदलीतून सूट मागता येते. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, दिव्यांग मुलाच्या आईला अशी रजा नाकारणे हे नोकरीतील स्त्रियांच्या समान सहभागाच्या तत्त्वाला बाधक आहे, अशा आशयाचे मत दिले. पण जिनिंगमध्ये हंगामी काम करणाऱ्या बाईला यातले काय मिळते? म्हणून आमची सूचना अशी: प्रत्येक मागणीपत्रात महागाईभत्त्याच्या खाली एक कलम असावे. दिव्यांग मुलाच्या आईबापाला ठरावीक पाळी, दवाखान्याच्या दिवशी पाळी बदलून घेण्याचा हक्क, आणि त्यासाठी शिक्षा नाही.

जे हक्क आजच आहेत तेही पुष्कळांना ठाऊक नाहीत. कामगार राज्य विम्याच्या १९४८ च्या कायद्यात, शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे पूर्णपणे कामगारावर अवलंबून असलेले अपत्य, ते व्यंग असेपर्यंत कुटुंबात धरले आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ते कायम ठेवले. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत सभासदाच्या मृत्यूनंतर कायमच्या व संपूर्ण दिव्यांग अपत्याला वयाची अट न लावता निवृत्तिवेतन मिळते. मात्र त्यासाठी कागदावर त्या मुलाचे नाव असावे लागते. आणि नाव लपविण्याचीच सवय असलेल्या घरात तेच राहून जाते.

कागद आणि शाळा

१९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते. त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिचे नाव प्रथम घेतले, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तिला स्थान दिले. सरकारी रुग्णालयातून तपासणी करून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्याचे ओळखपत्र घ्यावे. निदानासाठी चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरली जाते. प्रमाण चाळीस टक्के किंवा अधिक निघाले तर बहुतेक सवलतींचे दार उघडते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा आहे. गरीब घराला संजय गांधी निराधार योजनेकडेही अर्ज करता येतो.

प्रमाणपत्र घेतले की मुलावर शिक्का बसतो, असे काही आईबाप म्हणतात. शिक्का तर आळीने केव्हाच मारलेला असतो. प्रमाणपत्राने त्याच्याबरोबर निदान हक्क येतो.

शाळेच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. चाळीस टक्क्यांवर दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी ‘आमच्याकडे सोय नाही’ असे म्हटले तर ते लेखी मागावे. लेखी मागितल्यावर पुष्कळ ठिकाणी सोय निघते, हा युनियनच्या कामातला आमचा जुना अनुभव आहे. पण सत्तर मुलांच्या वर्गात एकट्या गुरुजींना दोष देऊनही भागणार नाही. खिडकीपासून दूर ठरलेली एकच जागा, फळ्यावर दिवसाचा क्रम, गोंगाट असह्य झाला तर पाच मिनिटे बाहेर बसण्याची मुभा, आणि मधल्या सुटीत सोबतीला एक शहाणा सवंगडी, एवढ्याने आरंभ होतो. बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक यांची तरतूदही आहे.

आईबापांमागे कोण?

अशा घरात रात्री एक प्रश्न बोलला जातो, दिवसा नाही: आमच्यामागे याचे कसे होणार? अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याच्या दृष्टीने आईबापही आपोआप पालक राहत नाहीत. यासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती ठेवली आहे. तिच्याकडे अर्ज करून पालक नेमून घेता येतो. हे काम आईबाप धडधाकट असताना करावे. पण कागदावरचा पालक म्हणजे शेजार नव्हे. त्या मुलाला, पुढे त्या माणसाला, नावाने ओळखणारी पन्नास माणसे गावात असली पाहिजेत: किराणा दुकानदार, एस.टी.चा कंडक्टर, न्हावी, पोलीस. ती ओळख लहानपणीच व्हावी लागते. मागच्या खोलीत वाढलेल्या मुलाला चाळिसाव्या वर्षी गाव ओळखत नाही.

म्हणून श्रोत्यांकडे मोठे काही मागत नाही. आपल्या आळीत असे घर असेल तर पुढच्या रविवारी तेथे जावे. उपदेश करू नये, मामाची गोष्ट सांगू नये. आईला विचारावे, ‘बाई, दोन तास आम्ही याच्याजवळ बसतो, तुम्ही काय करता?’ पहिल्या दिवशी ती नको म्हणेल, दुसऱ्यांदा विचारावे. मुलाला काय आवडते, कशाची भीती वाटते, हे तिच्याकडून समजून घ्यावे. तान्हा पोळ्याला त्याला गर्दीच्या आधी, वाजंत्री सुरू होण्यापूर्वी मैदानात आणावे, आणि त्याला चाकच फिरवायचे असेल तर फिरवू द्यावे. गणेशमंडळाने त्या घरापुढे कर्णा बंद ठेवावा. दोन-चार घरे असतील तर त्या आयांची महिन्यातून एकदा बैठक व्हावी. जागा नसेल तर आमच्या युनियनची कचेरी रविवारी रिकामीच असते, तिची किल्ली मिळेल.

लोखंड्यांनी कामगारांना रविवार मिळवून दिला तो सरकारकडे आणि मालकांकडे मागून. या आयांचा रविवार कोणत्याही मालकाच्या हातात नाही. तो आपल्याच हातात आहे.